दूरस्थ आभासी यंत्रे : बिघाडाचा शोध कसा घ्यावा

समोरच्या मेजावरील संगणक बंद पडला तर आपण काय करतो? प्रथम विजेचे बटण पाहतो, मग मागील तारा चाचपतो, पंख्याचा आवाज येतो की नाही हे ऐकतो. डोळे, कान आणि हात ही आपली पहिली साधने असतात. परंतु यंत्र शेकडो किलोमीटर दूर असेल, आणि तेही दुसऱ्या एका संगणकाच्या पोटात केवळ आज्ञावलीच्या रूपाने वसत असेल, तर ही तिन्ही साधने निरुपयोगी ठरतात. हाती उरतो तो पडद्यावर उमटलेला एका ओळीचा संदेश. तो नीट वाचणे, तो कोठून आला हे ओळखणे आणि त्यावरून दोषाचे स्थान ठरविणे, हीच दूरस्थ व्यवस्थापनातील खरी विद्या होय. या प्रकरणात आपण तिची ओळख करून घेऊ.

आभासी यंत्राची कल्पना

एका मोठ्या संगणकाची साधनसामग्री अनेक लहान संगणकांत अशा रीतीने वाटून द्यावयाची की, त्यांतील प्रत्येकाला आपण स्वतंत्र आहोत असेच वाटावे, ही कल्पना नवी नाही. आयबीएम या कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी ‘व्हीएम ३७०’ ही प्रणाली जाहीर केली, तेव्हाच ती व्यवहारात स्थिरावली होती. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघा शास्त्रज्ञांनी, कोणत्या प्रकारच्या संगणकावर अशी विभागणी निर्दोषपणे करता येईल, याचे नियम मांडले. घरोघरी पोहोचलेल्या लहान संगणकांचे प्रक्रियक मात्र या नियमांत बसत नव्हते. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये आपल्या प्रक्रियकांत खास सोय केल्यावर ही अडचण दूर झाली.

मुक्त आज्ञावलींच्या जगात याच सुमारास तीन गोष्टी एकत्र आल्या. फाब्रिस बेलार या फ्रेंच आज्ञावलीकाराने २००३ मध्ये ‘क्यूईमू’ प्रसिद्ध केली. ही आज्ञावली संपूर्ण संगणकाची नक्कल करते. २००७ च्या फेब्रुवारीत लिनक्सच्या गाभ्यात ‘केव्हीएम’ हा भाग समाविष्ट झाला व त्यामुळे त्या नकलेला प्रत्यक्ष प्रक्रियकाचा वेग लाभला. या दोहोंवर देखरेख ठेवण्यासाठी २००५ पासून विकसित होत असलेला ‘लिबव्हर्ट’ हा आज्ञावलीसंच उपयोगी पडला. त्याच्याशी आज्ञांच्या भाषेत बोलण्याचे साधन म्हणजे ‘व्हर्श’.

जो खरा संगणक आपली साधनसामग्री देतो त्याला आपण यजमान म्हणू, आणि त्याच्यावर वसणाऱ्या आभासी यंत्राला अतिथी म्हणू. पुढील विवेचनात आज्ञांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतात.

दुव्यांची साखळी

समजा, एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाची सूची दुसऱ्या शहरातील यजमान संगणकावरील एका अतिथी यंत्रात ठेवलेली आहे. व्यवस्थापक आपल्या खोलीत बसून व्हर्शच्या साहाय्याने त्या यंत्राची विचारपूस करतो. त्याने टंकलेली आज्ञा क्रमाने पाच ठिकाणांहून जाते. पहिले ठिकाण म्हणजे त्याच्या स्वतःच्या संगणकावरील व्हर्श. दुसरे, दोन शहरांना जोडणारी कूटबद्ध वाहिनी, म्हणजे ‘एसएसएच’. तिसरे, यजमानावर अखंड चालू असणारी लिबव्हर्टची सेवा. चौथे, त्या सेवेने चालविलेली क्यूईमूची प्रक्रिया. हीच अतिथी यंत्राचे शरीर होय. पाचवे, त्या शरीरात चालणारी अतिथीची स्वतःची कार्यप्रणाली.

उत्तरही याच मार्गाने उलट परत येते. साखळीचा कोणताही एक दुवा तुटला तरी व्यवस्थापकाला दिसणारे दृश्य बहुधा सारखेच असते : काम झाले नाही. म्हणून शोधाचा पहिला नियम असा की, जवळच्या दुव्यापासून आरंभ करावा आणि एक दुवा शाबूत असल्याची खात्री पटल्यावरच पुढच्या दुव्याकडे वळावे. पाचव्या दुव्यावरील औषध दुसऱ्या दुव्याच्या रोगावर दिले तर रोग बरा होत नाही. निरोगी भाग मात्र बिघडतो.

पहिला दुवा : पत्ता

व्हर्शला कोणाशी बोलावयाचे आहे हे एका पत्त्याने सांगावे लागते. या पत्त्याचे तीन भाग असतात. पहिल्या भागात आभासीकरणाचा प्रकार आणि वाहिनीचे नाव येते, उदाहरणार्थ ‘क्यूईमू’ आणि ‘एसएसएच’, आणि त्या दोहोंमध्ये अधिक चिन्ह असते. दुसऱ्या भागात वापरकर्त्याचे व यजमानाचे नाव असते. तिसऱ्या भागात ‘सिस्टम’ किंवा ‘सेशन’ यांपैकी एक शब्द असतो.

हा शेवटचा शब्द वरवर किरकोळ वाटतो, पण नवशिक्यांची सर्वांत मोठी घाबरगुंडी तोच उडवितो. ‘सिस्टम’ म्हणजे संपूर्ण यजमानाची सामाईक व्यवस्था, तर ‘सेशन’ म्हणजे त्या एका वापरकर्त्याची खासगी व्यवस्था. पत्ता न देता साध्या वापरकर्त्याने व्हर्श चालविले तर ते सामान्यतः ‘सेशन’शी जोडले जाते. तेथे त्याची यंत्रे नसतात, म्हणून यादी रिकामी येते. आपली सर्व यंत्रे पुसली गेली असा समज करून घेऊन जुन्या प्रतीवरून ती पुन्हा उभारण्याचा खटाटोप येथूनच सुरू होतो. वास्तविक ती यंत्रे शेजारच्या दालनात सुखरूप चालू असतात. ‘व्हर्श यूआरआय’ ही आज्ञा आपण कोणत्या दालनात उभे आहोत हे एका ओळीत सांगते. रिकामी यादी दिसताच पहिली आज्ञा हीच द्यावी.

दुसरी गोष्ट अशी की, ‘लिस्ट’ ही आज्ञा केवळ चालू असलेली यंत्रे दाखविते. बंद यंत्रेही पाहावयाची असतील तर तिला ‘ऑल’ हा पर्याय जोडावा लागतो.

दुसरा दुवा : वाहिनी

फिनलंडमधील टाटू युलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच ही पद्धती निर्माण केली, आणि तिची ‘ओपनएसएसएच’ ही मुक्त आवृत्ती १९९९ पासून उपलब्ध आहे. लिबव्हर्ट तिच्यावर स्वार होऊन प्रवास करते. त्यामुळे वाहिनीत दोष आला तर तक्रार लिबव्हर्टच्या तोंडून ऐकू येते. ‘माहिती वाचत असता मध्येच प्रवाह संपला’ अशा अर्थाचा संदेश तेव्हा दिसतो. त्याचा पूर्वार्ध फारसा उपयोगाचा नसतो. खरे कारण बहुधा ओळीच्या शेवटी, एसएसएचने उच्चारलेल्या शब्दांत असते. म्हणून संदेश शेवटपर्यंत वाचावा.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे व्हर्श बाजूला ठेवून केवळ एसएसएचने त्याच यजमानावर त्याच नावाने प्रवेश करून पाहणे. यातून मिळणारी उत्तरे निरनिराळी असतात व प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. नावच ओळखले गेले नाही, तर दोष पत्त्यात किंवा नावांच्या निर्देशिकेत आहे. बराच वेळ वाट पाहूनही काहीच उत्तर आले नाही, तर यजमान बंद आहे, रस्ता तुटला आहे, किंवा वाटेवरील संरक्षक भिंत आपले निरोप गुपचूप गिळते आहे. जोडणी तत्काळ नाकारली गेली, तर यंत्र बहुधा जागे आहे, परंतु २२ क्रमांकाच्या पोर्टावर ऐकणारे कोणी नाही, अथवा भिंतीने स्पष्ट नकार दिला आहे. परवानगी नाकारली गेली, तर रस्ता संपूर्ण खुला असून केवळ किल्ली किंवा पासवर्ड चुकला आहे. शांतता आणि नकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात ठेवावे.

पाचवे उत्तर विशेष सावधगिरीचे आहे. यजमानाची ओळख पटविणारी खूण बदलली आहे, असा इशारा कधीकधी मिळतो. यजमानाची पुनर्रचना झाली असेल तर हे स्वाभाविक आहे. पण दुसरे कोणी त्याचे सोंग घेऊन मध्ये उभे असेल तरीही हाच इशारा येतो. तेव्हा जुनी खूण पुसून पुढे जाण्यापूर्वी यजमानाजवळ असलेल्या माणसाला दूरध्वनी करून नवी खूण वाचून घ्यावी. दोन मिनिटांचा हा विलंब कधीही वाया जात नाही.

तिसरा दुवा : सेवा आणि अधिकार

एसएसएचने प्रवेश मिळाला, तरी व्हर्श अडले, तर आता दोष यजमानाच्या आत शोधावयाचा. लिबव्हर्टची सेवा एका विशिष्ट फाइलीच्या रूपाने दरवाजा उघडा ठेवते. तिला ‘सॉकेट’ म्हणतात. ही फाइल सापडत नाही असे उत्तर आले, तर सेवा चालू नाही. येथे आणखी एक गोष्ट पाहावी. जुन्या आवृत्त्यांत सर्व कामे ‘लिबव्हर्टडी’ ही एकच सेवा करीत असे. नव्या आवृत्त्यांत ती कामे वेगवेगळ्या लहान सेवांत विभागली असून क्यूईमूचे काम ‘व्हर्टक्यूईमूडी’कडे असते. जुन्या नावाची सेवा बंद दिसली म्हणून सर्व काही बंद आहे, असे अनुमान करू नये.

फाइल सापडली, पण परवानगी नाकारली गेली, किंवा ‘पॉलकिट’च्या प्रतिनिधीअभावी ओळख पटविता येत नाही असा संदेश आला, तर प्रश्न अधिकाराचा आहे. हा नकार आणि एसएसएचचा नकार शब्दांनी सारखे दिसतात, पण पहिला घराच्या आतील खोलीच्या दाराशी मिळतो, तर दुसरा फाटकाशी. उपाय म्हणजे त्या वापरकर्त्याला यजमानावरील ‘लिबव्हर्ट’ या गटात घेणे. गटात घेतल्यानंतर बाहेर पडून पुन्हा प्रवेश केल्याखेरीज हा बदल लागू होत नाही. ‘केले तरी होत नाही’ या तक्रारीचे कारण पुष्कळदा एवढेच असते. मात्र या गटाचा सभासद यजमानाची कोणतीही डिस्क एखाद्या अतिथीला जोडू शकतो. म्हणजे व्यवहारात त्याला सर्वाधिकाऱ्याइतकेच सामर्थ्य मिळते. हे सभासदत्व सोयीखातर वाटू नये.

पुष्कळ तास खटपट केल्यावर एक मोह उत्पन्न होतो. लिबव्हर्टला १६५०९ या पोर्टावर कूटबद्धतेशिवाय ऐकावयास लावता येते. तसे केले आणि ओळख विचारण्याचे बंधनही काढून टाकले, की सर्व अडचणी एका क्षणात मिटतात. पण त्याच क्षणी त्या पोर्टापर्यंत पोहोचणाऱ्या कोणाही माणसाच्या हाती यजमानाची सत्ता जाते. हा मार्ग टाळावा. एसएसएच वापरणे शक्यच नसेल तर १६५१४ या पोर्टावरील प्रमाणपत्रांची पद्धत अवलंबावी. त्या पद्धतीत दोन दोष वारंवार आढळतात. प्रमाणपत्रावरील नाव आणि आपण पत्त्यात लिहिलेले नाव यांत भेद असतो. अथवा प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते. दोन्ही संगणकांची घड्याळे जुळतात की नाही हेही पाहावे, कारण मागे पडलेल्या घड्याळाला नवे प्रमाणपत्र अद्याप लागू न झालेले दिसते.

चौथा दुवा : थांबलेले यंत्र

आता आपल्या ग्रंथालयाकडे वळू. समजा, एके सकाळी सूची उघडत नाही. आदल्या दिवशी दोनशे नव्या ग्रंथांच्या नोंदी झाल्या आहेत आणि वाचक खोळंबले आहेत. व्यवस्थापक पहिले तीन दुवे तपासतो. ते शाबूत आहेत. यादीत यंत्र दिसते, पण त्यापुढे ‘पॉज्ड’, म्हणजे थांबलेले, असा शेरा आहे. कोणीही ते थांबविलेले नाही.

अशा वेळी ‘डॉमस्टेट’ ही आज्ञा ‘रीझन’ या पर्यायासह द्यावी. ती थांबण्याचे कारण सांगते. येथे उत्तर येते की, वाचन-लेखनात दोष आला. मग ‘डॉमब्लॉकएरर’ ही आज्ञा द्यावी. ती सांगते की अमुक डिस्कवर जागा उरली नाही. परंतु अतिथीच्या डिस्कवर तर पुष्कळ जागा मोकळी होती! हे कोडे समजून घेण्यासारखे आहे.

अतिथीची डिस्क ही यजमानावरील एक फाइल असते. ‘क्यूकाऊटू’ या प्रकारची फाइल सामान्यतः लहान असते आणि अतिथी लिहीत जाईल तशी वाढत जाते. समजा, यजमानाजवळ ५०० गिगाबाइट जागा आहे आणि त्याने सहा अतिथींना प्रत्येकी १०० गिगाबाइट देऊ केले आहेत. वचन ६०० चे आहे, शिल्लक ५०० चीच. सर्वांनी थोडे थोडे वापरले तोवर कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या दिवशी यजमानाची जागा संपते, त्या दिवशी क्यूईमू लिहू पाहणाऱ्या अतिथीला जागच्या जागी थांबविते.

हे थांबविणे हा बिघाड वाटला तरी ते खरे पाहता संरक्षण आहे. चूक अतिथीला न कळविता यंत्र गोठविल्यामुळे त्याची स्मृती जशीच्या तशी राहते आणि अर्धवट राहिलेले लेखन प्रतीक्षेत असते. व्यवस्थापकाने यजमानावर जागा मोकळी केली, जुन्या अनावश्यक प्रती दुसरीकडे हलविल्या, आणि मग ‘रिझ्यूम’ ही आज्ञा दिली, तर तेच लेखन पुन्हा केले जाते व यंत्र जणू काही घडलेच नाही अशा रीतीने पुढे चालू लागते. नोंदी वाचतात.

त्याने उतावीळपणे यंत्र सक्तीने बंद केले तर? त्यासाठी ‘डिस्ट्रॉय’ ही आज्ञा आहे. नाव भयंकर असले तरी ती यंत्राची डिस्क पुसत नाही. चालू संगणकाची वीज तोडण्याइतकाच तिचा अर्थ आहे. परंतु स्मृतीत असलेले, अद्याप डिस्कवर न उतरलेले सर्व काही ती घालविते. शिवाय जागा मोकळी झाली नसेल तर पुन्हा सुरू केलेले यंत्र पहिल्या लेखनालाच पुन्हा थांबते. म्हणजे हानी होते आणि दोष तसाच राहतो.

याउलट ‘शटडाउन’ ही आज्ञा अतिथीला स्वतःहून बंद होण्याची विनंती करते. ती मानणे अतिथीच्या कार्यप्रणालीवर अवलंबून असते. म्हणून आज्ञा स्वीकारली गेली, असा संदेश येऊनही यंत्र चालूच राहिले, तर नवल नाही. निरोप पोहोचला, पण आत तो ऐकणारे कोणी नव्हते. गोठलेल्या यंत्राला तर ही विनंती ऐकूही येत नाही. तिसरी आज्ञा ‘अनडिफाइन’. ही यंत्राची व्याख्याच नोंदीतून काढून टाकते. डिस्कची फाइल सामान्यतः मागे उरते, पण यंत्राची रचना हरवते. त्यासाठी ‘डम्पएक्सएमएल’ या आज्ञेने प्रत्येक यंत्राची व्याख्या आधीच फाइलीत उतरवून ठेवावी, हे उत्तम.

पाचवा दुवा : अतिथीचे अंतरंग

यंत्र चालू आहे, तरीही सूची मिळत नाही, असे असेल तर दोष अतिथीच्या आत किंवा त्याच्या नेटवर्कमध्ये आहे. ‘कन्सोल’ ही आज्ञा आपल्याला अतिथीच्या क्रमिक जोडणीशी नेऊन बसविते. तेथे कोरा पडदा दिसला म्हणून यंत्र मेले असे समजू नये. अतिथीच्या कार्यप्रणालीला त्या जोडणीवर बोलण्यास आधी सांगितलेले नसेल तर ती मौन पाळते. तेथून बाहेर पडण्यासाठी कंट्रोल कळ आणि बंद होणारा चौकोनी कंस एकत्र दाबावा लागतो. चित्ररूप पडदा हवा असेल तर तो बहुधा यजमानाच्या ५९०० किंवा त्यापुढील पोर्टावर, आणि तोही केवळ यजमानापुरता खुला असतो. तो सर्वांसाठी उघडण्याऐवजी एसएसएचच्या वाहिनीतून आपल्यापर्यंत ओढून आणावा.

नेटवर्कविषयी एवढेच सांगणे पुरे की, लिबव्हर्टचे मूळ नेटवर्क १९२.१६८.१२२ या मालिकेतील पत्ते देते. त्यातील अतिथी बाहेरच्या जगाशी बोलू शकतो, परंतु बाहेरच्यांना आपण होऊन त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. ही रचना आहे, बिघाड नव्हे. यजमान पुन्हा सुरू झाल्यावर अतिथी चालूच होत नसेल, तर ‘नेटलिस्ट’ आज्ञेने हे नेटवर्क सुरू आहे की नाही ते पाहावे. ते आपोआप सुरू होण्याची खूण करावयाची पुष्कळदा राहून गेलेली असते.

नोंदवही आणि संयम

क्यूईमू प्रत्येक अतिथीसाठी यजमानावर वेगळी नोंद-फाइल लिहिते, आणि लिबव्हर्टच्या सेवा आपले म्हणणे कार्यप्रणालीच्या सामाईक नोंदीत ठेवतात. तेथे वेळेसह लिहिलेल्या ओळी या घटनेच्या साक्षीदार होत. पाहणी करीत असताना व्हर्शला ‘रीडओन्ली’ हा पर्याय द्यावा. मग चुकूनही यंत्रात बदल होत नाही. बदल करण्याची वेळ आली की एका वेळी एकच बदल करावा, तो कागदावर लिहावा आणि परिणाम पाहून मगच पुढे जावे. एकाच वेळी चार उपाय केले आणि गुण आला, तर कोणत्या उपायाने आला हे कधीच कळत नाही. गुण आला नाही, तर मूळचा दोष कोणता व आपण घातलेली भर कोणती, हेही कळेनासे होते.

दूरच्या यंत्रावर काम करणाऱ्याच्या हाती फार मोठी सत्ता असते आणि तिच्या परिणामांपासून तो फार दूर बसलेला असतो. त्याने दाबलेल्या एका कळीने दुसऱ्या शहरातील कोणा अनोळखी ग्रंथपालाचे दिवसभराचे श्रम वाचतात किंवा नाहीसे होतात. म्हणून संदेश पूर्ण वाचावा, दुवा ओळखावा, आणि ज्या आज्ञेचा परिणाम परत फिरविता येत नाही ती सर्वांत शेवटी द्यावी.